कुलूप पोत्याला, चिठ्ठी बाहेर

१

बस राजा, त्या सतरंज्यांच्या गठ्ठ्यावरच बस. लातूरची गाडी आत्ताच गेली. दुसरी यायला टाइम हाय, स्टँडवर उन्हात उभं राहून काय करतूस? तोवर एक गोष्ट सांगतो. चोरीची हाय, पण सोनंनाणं काय गेलं न्हाई. एका पोरीचं गुपित गेलं आन् एका माणसाचं नाव गेलं. गुपित कुणी फोडलं ते सापडलं. नाव अजून सापडून राहिलं न्हाई. माझ्या मांडीवर हा जो पिवळा लखोटा हाय ना, त्याचं शेवटाला सांगतो.

मी मलप्पा. अहमदपुरात मंडप-डेकोरेशन माझंच. शाळा चौथीपत्तर. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत न्हाई. पण हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर सुटलं, म्हणून जेवढं डोक्यात शिरलं तेवढं आपल्या भाषेत सांगतो.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हणमंतराव आप्पांची आडत हाय. माणूस वजनदार. भांडण मिटवायला लोक कोर्टाआधी आप्पाकडं जायचे. मदी आप्पा हैदराबादला गेलते, मुतखड्याचं ऑपरेशन म्हणून. लई दिवसांनी आले. वाळून आले. तवापासनं बिनमिठाचं खाणार, गर्दीत तोंडाला रुमाल लावणार, आन् मनगटावरचं घड्याळ वाजलं की बोलता बोलता थांबून गोळी घेणार. मुतखडा लई जिद्दी निघाला, असं आम्ही म्हणायचो.

त्यांची एकुलती एक पोरगी साक्षी. लातूरला औषधाच्या दुकानात कामाला. शांत लेकरू. नांदेडच्या सत्यमसंगट तिचा साखरपुडा झाला, मंडप माझाच होता. त्या दिवशी मला यायला जरा उशीर झाला म्हणून आप्पांनी फोन केला तर फोन लागेना, मग मी आल्यावर लागतो का बघायला त्यांच्यापुढंच त्यांना लावला. त्यांच्या फोनवर माझं नाव उमटलं ते मी शेजारी उभं राहूनच वाचलं. "मलप्पा मंडप उशीर". म्हणलं, आप्पा, हे काय? आप्पा हसले. म्हणले, नावापुढं गुण लिहिला की माणूस ध्यानात राहतो. सगळ्यांचंच तसं होतं. "सुदर्शन बोअर उधळ्या" म्हणजे त्यांचा भाचा.

लग्नाच्या मंडपाचं माप घ्यायला मी एक दिवस आडतीत गेलो. आप्पा गादीवर. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातच लाल दोऱ्यानं बांधलेला पेन ड्राइव्ह. तेवढ्यात नांदेडहून फोन आला, नवरदेवाच्या मामाचा, भीमाशंकररावांचा. आप्पांना जरा कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर. आडतीतले हमाल, गिऱ्हाईक, मी, सगळ्यांनी ऐकलं.

मामा म्हणले, "साक्षी किडनी ऑपरेशन हैदराबाद. खरं का खोटं, एवढंच सांगा. दुसऱ्याची किडनी बसवलेली आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधून राहिले काय?"

आप्पांचा हात कंबरेच्या जुडग्यावर गेला. मी बघितलं. पण तवा त्याचा अर्थ लागला न्हाई.

फोन बंद झाला. सोयरीक मोडली. आडतीत कुणी पोतंसुदिक हलवंना. मग आप्पा खाली मान घालून म्हणले, "दवाखान्याचे कागद फक्त रियाजकडं होते."

२

रियाज म्हणजे आप्पांच्याच गाळ्यात झेरॉक्स आन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा गडी. लग्नाचे व्हिडिओ बी तोच करायचा. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कॉलेजचे फॉर्म त्यानं भरले. म्हाताऱ्यांचे पगाराचे अंगठे त्यानं घेतले. कुणाचं काय दुखतं, कुणाची कोणती केस, सगळं त्याच्या मशीनमधून जायचं. आन् त्याच्या तोंडातून कदी एक अक्षर भायेर आलं न्हाई.

एवढं सगळं आपण दुपारपत्तर विसरलो. गल्लीतले धाबारा जण गेले. कुणी म्हणलं, इकलं आसंल. कुणी म्हणलं, ह्यांचं असंच ऱ्हातंय. हे "ह्यांचं" कुणाचं ते समद्यांना कळलं. बोलणारा आपल्याच गल्लीतला, ज्याच्या पोराला रियाजनं परीक्षेच्या दिवशी गाडीवर लातूरला सोडलं होतं. दुकानाचा बोर्ड खाली ओढला. आतल्या खोलीच्या दारात त्याची बायको मलिका उभी. ती रडली न्हाई. तिनं बोर्डाचं पडलेलं एक अक्षर उचललं आन् आत नेलं. ते बघून मला वाटलं, भुई फाटावी.

रियाज एवढंच म्हणला, "मी कुणाला काही सांगितलं न्हाई."

मी म्हणलं, बाबा, पुढं बोल की काहीतरी. कागद काय होते, कसे होते, कुणी बघितले. त्यानं मान हलवली. पुन्ना तेच वाक्य. लोकांना वाटलं गडी गुन्हेगार, म्हणून गप हाय.

आप्पांनी गाळा रिकामा करायला सांगितलं. मोडका बोर्ड मी माझ्या गोदामात आणून ठेवला. बघ, तो काय, कनातीच्या मागं. आन् मग नांदेडला कहकशां मॅडमला फोन लावला.

३

ह्या मॅडम नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. रियाज त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांच्या भावाच्या लग्नाचा मंडप मी टाकलता, तवाची ओळख. कुणाच्या फायली उडाल्या, कुणी कुणाच्या मशीनमधून काय चोरलं, असं काही झालं की पोलीसवाले बी त्यांना इचारतात. बाई जाडसर, आवाज खडा, पर्समध्ये बडीशेपेची डबी. आल्या, बसल्या, डबी पुढं केली आन् म्हणल्या, "मलप्पाभाऊ, रियाज माझा शागीर्द आहे म्हणून मी त्याला सोडवायला आले, असं समजू नका. त्यानं केलं असेल तर तेही मीच सांगीन."

पैल्यांदा रियाजकडं. तो काही सांगंना. मॅडमनी बी जोर केला न्हाई. म्हणल्या, बोलू नको, मशीन दाखव.

मशीनमध्ये आप्पांच्या कागदांचा गठ्ठा होता. उघडायला गेलं की थेट पासवर्ड मागायचा. आत किती कागद, नावं काय, काहीच दिसंना. मॅडमनी मला समजावलं. म्हणल्या, ह्या प्रकाराला सेव्हन-झिप म्हणतात. ह्यात कागदांसंगट त्यांची नावंबी कुलपात घालता येतात. रियाजनं घातलीत. पण त्याची खोड अशी, की ते उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, साध्या कॉम्प्युटरवर उघडत न्हाई.

मग दुसरी गोष्ट दिसली. साखरपुड्याचा व्हिडिओ आप्पांच्या पेन ड्राइव्हवर भरून नांदेडला धाडलता, त्याचा एक तुकडा. तिसरा.

व्हिडिओचे तुकडे कामून, म्हणून मी इचारलं. मॅडम म्हणल्या, पेन ड्राइव्ह मोठा असला तरी काहींचं दार अरुंद असतं, त्यातून एका दमात चार जीबीपेक्षा मोठा नग आत जात न्हाई. म्हणून व्हिडिओ रार नावाच्या प्रकारात कापून तीन तुकडे केले. ते भरून दुसऱ्या मशीनवर जोडायचे. पण तिन्ही पायजेत. एक नसला तर बाकीचे वाया. मला लगेच कळलं. मंडपाचं असंच. एक खांब गोदामात राहिला की बाकीचे खांब नुसते लोखंड.

"मग तिसरा इथंच कामून राहिला?" मॅडमनी इचारलं.

"मावला न्हाई," रियाज म्हणला.

"तिन्ही मावतील एवढा तो ड्राइव्ह आहे ना. मग आधीच त्याच्यावर काय बसलं होतं?"

मलिकानं आतून च्या आणला. ती नवऱ्याला हळूच म्हणली, "बोला ना अब." तो बोलला न्हाई. मॅडमनी च्या पिला आन् उठल्या. भायेर येऊन मला म्हणल्या, हा घाबरलेला न्हाई. ह्याला कुणीतरी शपथेत बांधलंय.

मग सिंधुताईकडं. आप्पांची धाकटी बहीण. तिच्यावर माझा लई संशय होता. कामून, तर तिला साक्षी आपल्या सुदर्शनला करून घ्यायची होती. मामाची पोरगी आत्याच्या घरात, आपल्याकडची जुनीच रीत. आप्पांनी नको म्हणलं. सोयरीक मोडली तर फायदा तिचाच.

सिंधुताई तोंडाची फटकळ. मॅडमनी काही इचारायच्या आतच सुरू झाली. म्हणली, माझ्यावर डाव हाय ना सगळ्यांचा? माझ्या पोरात काय कमी हाय, बोअर मारतो, पाणी लागतं न लागतं ते देवाच्या हाती. "पण भावाच्या लेकरावर मी असली आग लावीन व्हय? हैदराबादला मी होते. दोघांना डबा मीच नेऊन द्यायचे."

मॅडमनी बडीशेप तोंडात टाकता टाकता हात थांबवला. "दोघांना?"

सिंधुताईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, दोघं म्हणजे आप्पा आन् त्यांची सोबत करणारं कुणीतरी. मॅडमला तसं वाटलं नव्हतं, हे मला मागनं कळलं.

सुदर्शन दारातच गाडी पुसत होता. पेन ड्राइव्ह नांदेडला त्यानंच नेऊन दिलता. त्याला मॅडमनी इचारलं, तुझ्या मामाच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं? तो म्हणला, मामाचं, मुतखड्याचं. साक्षीचं कायतरी हाय ते आत्ता गल्लीतच ऐकलं. "मी नांदेडला जेवलो, रातच्याला राहिलो, सकाळी ड्राइव्ह घेऊन आलो आन् मामाच्या हातात दिला. नांदेडकरांनी त्यात काय बघितलं, मला न्हाई ठाव. मला मटण चांगलं होतं एवढंच ठाव हाय."

पेन ड्राइव्ह मागायला आम्ही आडतीत गेलो. आप्पा म्हणले, हारवला.

मी कंबरेच्या जुडग्याकडं बघितलं. किल्ल्या होत्या. लाल दोरा होता. दोऱ्याला काहीच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं नांदेडला. जायच्या आधी मॅडम साक्षीला एकटीला भेटल्या. मी फाटकाशी उभा. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं न्हाई, पण मॅडम भायेर आल्या तवा डबी उघडायची विसरल्या. गाडी कंधार फाट्याला आली. मग एवढंच म्हणल्या, "नवरदेवाकडची बातमी चुकीची आहे, मलप्पाभाऊ. आणि ती नेमकी कशी चुकली, त्यातच सगळं आहे."

भीमाशंकररावांचं घर मोठं. आदर केला. पोहे आले. मॅडमनी साधंच इचारलं, बातमी कुठून कळली. मामा म्हणले, कुणाचा तरी फोन आला, नाव सांगितलं न्हाई. पेन ड्राइव्हवर व्हिडिओ होता, तो आम्ही घरच्यांनी बसून बघितला, आनंदानं बघितला, आन् दुसऱ्या दिवशी हा फोन.

"व्हिडिओत काय आवडलं?" मॅडमनी इचारलं.

"ओटी भरली ते. पोरगी छान दिसत होती."

"तिसरा तुकडा अहमदपूरलाच राहिला होता, मामा. एक चित्रसुद्धा उमटलं नसणार."

दारातून नवरदेव, सत्यम, पुढं आला. चांगल्या घरचा, चांगला शिकलेला पोरगा. म्हणला, मामा, कामून खोटं बोलून राहिले. "व्हिडिओ चाललाच न्हाई, मॅडम. म्हणून ड्राइव्हवर अजून काय हाय ते मामा बघत बसले. सगळं आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय."

त्यानं मशीन लावलं. रारचे दोन तुकडे, आन् त्याच्याखाली एक झिप फाइल. मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं. पासवर्ड न मागता ती उघडली, आन् आत कागदांची नावं दिसायला लागली. आपल्या मराठीत, साफ.

"साक्षी किडनी ऑपरेशन हैदराबाद."

"साक्षी घरी आली डॉक्टर म्हणले ठीक."

मॅडमनी एका कागदावर क्लिक केलं. तवा पासवर्ड मागितला. कागद काही उघडला न्हाई.

मला वाटलं मशीन बिघडलं. मॅडम म्हणल्या, बिघडलं न्हाई, झिपचं असंच हाय. पासवर्ड टाकला की कागद कुलपात जातो, पण नाव उघडं राहतं. तुमच्या मोंढ्यातल्या पोत्यासारखं. पोतं शिवलेलं, पण चिठ्ठी भायेरून लटकलेली. सेव्हन-झिपमध्ये चिठ्ठीबी पोत्यात टाकता येते, झिपमध्ये न्हाई. "पण झिप कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. म्हणून लोक तीच मागतात. हाच तिचा गुण, आणि हीच तिची खोट."

भीमाशंकररावांनी पोह्याची ताटली दूर सारली. म्हणले, आम्ही कुलूप तोडलं न्हाई. दिसलं ते वाचलं. आपल्या घरात पोरगी येणार म्हणल्यावर माणूस वाचणारच की. पण ते म्हणताना त्यांनी आमच्याकडं बघितलं न्हाई.

मॅडम सत्यमकडं वळल्या. "तुझ्याकडे साक्षीचा नंबर होता?"

"हाव."

"विचारलंस तिला?"

त्यानं पायातली चप्पल फरशीवर घासली.

भायेर पायरी उतरताना मी म्हणलं, मग मॅडम, हे नुसतं अपघातानं झालं, चोर कुणीच न्हाई. मॅडम थांबल्या. म्हणल्या, "चिठ्ठी कुणीतरी लिहिली ना? ज्यानं लिहिली, त्यानं त्या दिवशी फोनवर आपलेच शब्द ओळखले. आणि तरी दुसऱ्याचं नाव घेतलं."

५

सगळ्यांना रियाजच्या दुकानात बोलावलं. दुकान कसलं, निम्मं रिकामं झालतं, खोक्यांवर बसायची पाळी. आप्पा, सिंधुताई, सुदर्शन, साक्षी. रियाज आन् मलिका आतल्या दारात. नांदेडहून सत्यम एकटाच गाडीवर आलता. गल्लीतले आठ-दहा जण भायेर उभे, तेच, ज्यांनी बोर्ड ओढलता.

मॅडमनी आवाज चढवला न्हाई. म्हणल्या, बातमी अशी गेली की साक्षीला दुसऱ्याची किडनी बसवलीय. ती चूक हाय. ज्यानं ज्यानं हे कागद आतून वाचले, त्याला खरं ठाव हाय. रियाजनं एकेक कागद स्कॅन केला. त्यानं सांगितलं असतं तर खरी बातमी गेली असती. सिंधुताई हैदराबादला दोघांना डबा नेत होती, तिलाबी खरं ठाव. तिनं सांगितलं असतं तरी खरी बातमी गेली असती. सुदर्शनला तर काहीच ठाव नव्हतं, तो सांगणार काय? म्हणजे बातमी त्याची, ज्यानं नुसतं नाव वाचलं आन् आतला कागद वाचला न्हाई. "म्हणजे कुणी कुलूप उघडलंच नाही. नांदेडकरांनी चिठ्ठी वाचली, बस."

भायेरचे लोक एकमेकांकडं बघायला लागले.

मग मॅडम म्हणल्या, रियाजच्या मशीनमधला गठ्ठा काल साक्षीनं मला उघडून दिला. त्यात कागदांना नुसते आकडे हायत. नावं कुलपात, आन् कुलपातबी आकडेच. एवढं जपणारा माणूस आपणहून झिप करील, आन् त्यावर अख्खी कहाणी लिहील? ते कुणीतरी सांगून लिहून घेतलं. कुणाला तरी आकडे ध्यानात राहत नव्हते, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप उघडत नव्हतं.

"मलप्पाभाऊ, जरा आप्पांना फोन लावा."

मी म्हणलं, आप्पा तर इथंच बसलेत. मॅडम म्हणल्या, लावा. मी लावला. आप्पांचा फोन काउंटरवर पडला होता. वाजला. पडद्यावर नाव उमटलं, आन् सगळ्यांनी माना लांब करून वाचलं.

मलप्पा मंडप उशीर.

सुदर्शनला हसू आलं. मग त्याचं हसू तोंडातच विझलं, कामून, त्यालाबी कळलं. साक्षी किडनी ऑपरेशन हैदराबाद. मलप्पा मंडप उशीर. एकाच हाताची धाटणी.

तेवढ्यात आप्पांच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. गोळीचा टाइम. सवयीनं हात खिशाकडं गेला आन् तसाच राहिला. साक्षी उठली. बापाच्या खिशातून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून दिली. आप्पांनी गोळी घेतली. आन् तवा त्या दुकानात असा एकबी माणूस राहिला न्हाई ज्याला कळलं न्हाई की किडनी कुणी दिली आन् कुणाला बसवली.

साक्षी रियाजकडं बघून म्हणली, "रियाजभाई, शपथ मी सोडवते. बोला."

रियाज पैल्यांदा बोलला. म्हणला, आप्पांनी कुराणावर हात ठेवायला लावला होता, किडनीचं कुणाला कळू द्यायचं न्हाई. मी काही बी सांगायला गेलो असतो तर तेच सांगावं लागलं असतं. झिप करू नका, नावं दिसतील, असं मी म्हणलो होतो. व्हिडिओ भरताना म्हणलो, ह्या ड्राइव्हवर झिप हाय, दुसरा द्या. "आप्पा म्हणले, कुलूप हाय न्हवं त्याला, मग भ्यायचं काय."

आप्पांनी सदऱ्याच्या आतून पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. हारवला नव्हता. छातीशी होता.

मग बोलले. आवाज एवढा बारका, की त्यांच्यासारख्या कमी ऐकणाऱ्याला ऐकूबी आला नसता. म्हणले, मोंढ्यात मला लोक वाघ म्हणतात. वाघ लेकीच्या मासावर जगतो, हे कसं सांगू? लेक सासरी द्यायची असती. आपण तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, आन् मी तिचं काळीज कापून पोटात ठिवलं. फोन आला तवा माझंच लिहिलेलं माझ्या कानावर पडलं. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आन् रियाजचं नाव निघालं.

साक्षी म्हणली, "बाबा, किडनी दिली त्याची मला लाज न्हाई. मला आजारी म्हणू दिलंत, तेबी गिळलं. रियाजभाईचं नाव दिलंत, ते आता कसं परत घेणार?"

भायेरून चपलांचा आवाज आला. बोर्ड ओढणारे एकेक करून निघून चालले होते. एकबी आत आला न्हाई. आत येऊन एक शब्द बोलला असता तर! पण न्हाई.

सत्यम पुढं झाला. म्हणला, माझी तयारी हाय, मामाला मी समजावीन. साक्षीनं त्याला हात जोडले. म्हणली, तुमचा राग न्हाई. पण तुमच्याकडं माझा नंबर होता.

तो गेला.

६

आप्पांनी रियाजचे पाय धरायला हात पुढं केले. रियाजनं ते हात वरच्या वर धरले, पडू दिले न्हाईत, आन् सोडलेबी न्हाईत. मग म्हणला, आप्पा, तब्येतीला जपा, ती किडनी तुमची एकट्याची न्हाई. गाळा ठेव म्हणून आप्पा रडले. रियाजनं खोकी टेम्पोत चढवली. मलिका पुढं बसली, तिच्या मांडीवर ते बोर्डाचं अक्षर. लातूरला शिकवणी वर्गांच्या गल्लीत आता त्याचं दुकान हाय. चांगलं चालतं म्हणतात. बोर्डावर त्यानं स्वतःचं नाव घातलं न्हाई, नुसतं "झेरॉक्स".

तवापासनं आमच्याकडं कुणी फॉर्म भरायला निघालं की लातूरला जातं, आन् रियाजचं दुकान टाळून पुढच्या दुकानात जातं. रागानं न्हाई बाबा. तोंड दाखवायची लाज. मीबी दोनदा तिथं गेलो, च्या पिला, बोर्ड घेऊन ये म्हणेल म्हणून वाट बघितली. तो म्हणला न्हाई.

साक्षीचं लग्न ठरलंय. देवणीचा गडी हाय, जनावरांचा डॉक्टर. तिनं त्याला पैल्याच भेटीत, पोह्याच्या आधी सांगितलं. तो म्हणला, मग आपल्या घरात एक जण आधीच कसोटीला उतरून बसलाय म्हणायचं. अन् पोहे खाल्ले.

आता ह्या लखोट्याचं. ही पत्रिका हाय. हळदकुंकू लावलेली. आपल्याकडं पत्रिकेत खाली "आपले विनीत" म्हणून घरच्यांची नावं असतात, ठाव हाय ना? उघडून बघ, बघ की. वर आप्पांचं नाव. त्याच्या लगेच खाली, भाऊबंदांच्या बी आधी, कुणाचं छापलंय? हाव. रियाजचं, आन् मलिकाचं. भाऊबंद रुसले. आप्पा म्हणले, रुसू द्या.

पत्रिका घेऊन आप्पा सोता लातूरला गेलते. दुकानासमोरच्या फुटपाथवर उभे राहिले. आत गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं, तेबी गेलं. आप्पा रस्ता ओलांडू शकले न्हाईत. गोळीचं घड्याळ वाजलं तसे माघारी आले, आन् पत्रिका माझ्या हातात दिली. मी गेलो तर त्याला वाटंल, आप्पांनी धाडला. गल्लीतलं दुसरं कुणी जायला तयार न्हाई.

तू भायेरगावचा हायस. तुझं तोंड त्याला ठाव न्हाई, अन् तुला त्याच्यापुढं खाली बघायचं काही कारण न्हाई. ती बघ, लातूरची गाडी लागली. एवढं काम कर माझं, राजा. काउंटरवर ठिवून येऊ नको, तो म्हणंल, ठेवा तिथं. तसं करू नको. त्याच्या हातात दे, लखोटा त्याच्याकडूनच उघडून घे, आन् खालची नावं तो वाचेपत्तर तिथंच उभा ऱ्हा.